देवक्कांची बॅटरी

“म्यॅडमला कव्हर दाखव रे. गुलाबी आलंय बघ नवीन.”

हे महेशभाऊ त्यांच्या सेल्समनला म्हणाले. हळूच म्हणाले, पण मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. मी नुकतंच विचारलं होतं की या पॉवर बँकेवर वॅट-अवर कुठे छापलेत. उत्तर म्हणून काचेवर मोबाईलची कव्हरं पसरली गेली. गुलाबी, मोतिया, एकावर मांजर. सेल्समन वाट पाहत होता म्हणून मी एक उचलून पाहिलं, खाली ठेवलं आणि पुन्हा तेच विचारलं.

महेशभाऊंनी माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. दारात आमच्या मिनीबसचा ड्रायव्हर इरण्णा उभा होता. तो फक्त खोकी उचलायला आला होता.

“काय पावणं, चालतंय न्हवं ह्ये?”

इरण्णाने मान हलवली. महेशभाऊंनी पॉवर बँका पिशवीत भरल्या. इरण्णाला गाडीतलं सगळं कळतं, नळदुर्गच्या घाटात कुठलं वळण कधी ओलं असतं तेही कळतं. पण त्याच्याकडे तेव्हा साधा बटणांचा फोन होता.

मी सोलापुरातल्या एका टूर कंपनीत काम करते. कंपनी म्हणजे नवी पेठेत वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. मालकांना सगळे आबा म्हणतात. मी इंग्रजी शाळेत शिकले, आणि आबांनी मला घेतलं तेही त्यामुळेच. विमान कंपन्यांना मेल लिहायचे, हॉटेलवाल्यांशी बोलायचं, फॉर्म भरायचे. हे सगळं बसून करायचं काम होतं आणि मला तेच हवं होतं. माणसांसमोर बोलताना माझा आवाज आपोआप खाली जातो. शाळेत बाई म्हणायच्या, “लाउडर, प्लीज.” तेव्हापासून तो आणखी खाली गेला.

पुढे टूरबरोबर जायला माणूस कमी पडला तेव्हा मला पाठवलं, आणि त्याबरोबर सामानाची खरेदीही माझ्याकडे आली. या अंकासाठी लिहायला सांगताना “टूरच्या गमती सांगा” असं मला म्हटलं होतं. गमती आहेत. त्या बहुतेक दुकानात घडलेल्या आहेत, आणि घडताना मला हसू आलेलं नाही.

सामान म्हणजे काय, ते आधी सांगते. आमचे प्रवासी बहुतेक साठीच्या पुढचे. प्रत्येकाकडे फोन, अर्ध्यांकडे श्रवणयंत्र, कुणाकडे साखर तपासायचं यंत्र. प्रत्येक देशातली प्लगची भोकं वेगळी, म्हणून ॲडॉप्टर लागतात. आपल्याकडच्या जाड तीन पिनांचा प्लग ‘युनिव्हर्सल’ लिहिलेल्या निम्म्या ॲडॉप्टरमध्ये शिरतच नाही. हे घरी खोकं उघडल्यावर कळतं, म्हणून मी दुकानात जाताना पर्समध्ये एक प्लग घेऊन जाते. प्लग काढला की दुकानदार विचारतात, “घरचा मिक्सर बिघडलाय काय?”

बॅगा तोलायचा छोटा डिजिटल काटा असतो, हुकाला बॅग अडकवून उचलायची. तो मागितला तर एकाने सांगितलं, “ह्यात भाजी मोजता येत न्हाई, ताई.” मी “हो” म्हटलं. काटा घेतला. काय बोलायला हवं होतं ते बाहेर आल्यावर, सिग्नलपाशी सुचलं.

मी इंग्रजी शब्द वापरले तर “नेटवर वाचून आल्यात” असं म्हणतात. मराठीत नीट सांगितलं तर हिला काही माहीत नाही असं धरून चालतात. दोन्ही करून पाहिलं आहे.

एकदा दुकानात अक्कलकोटकडचं एक जोडपं होतं. बाई हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवणाऱ्या, मुलीकडे परदेशी निघालेल्या. त्या नवऱ्याच्या कानाशी लागायच्या आणि मग नवरा मोठ्याने विचारायचा, “ह्यात फ्यूज किती अँपियरचा हाय?” उत्तर नवऱ्याला मिळायचं. तो बायकोकडे बघायचा. बाई पुन्हा कानाशी. असं अर्धा तास चाललं होतं आणि दुकानदार त्या गृहस्थांवर खूष होता. “साहेब, तुम्ही लाइनमधलेच दिसता!” साहेब तूरडाळीचे व्यापारी होते. बाहेर पायरीवर मी बाईंना विचारलं, तुम्हीच का नाही विचारलंत? त्या म्हणाल्या, “मी विचारलं की तो मला समजावत बसतो. ह्यांनी विचारलं की उत्तर देतो.” आणि पदराने घाम पुसून त्या निघून गेल्या. मी त्यांची युक्ती वापरू शकत नाही. माझ्यासोबत इरण्णा असतो, आणि त्याच्या कानाशी लागणं बरं दिसणार नाही.

आता महेशभाऊंच्या दुकानाची एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं त्या रीतीतून झालं.

मी काही मागितलं की ते मला “बसा म्यॅडम” म्हणायचे, थंड पाणी द्यायचे आणि आबांना फोन लावायचे. “आबा, म्यॅडम आल्यात. अमुक मागतात. देऊ का?” आबा काहीतरी सांगायचे, महेशभाऊ “बरं, बरं” करायचे आणि आबा म्हणतील ते बांधायचे. आमच्या ऑफिसातला ओंकार गेला तर असा फोन यायचा नाही. मी एकदा आबांना तसं म्हटलं. आबा हसले. “अगं, तुझ्या काळजीनंच करतोय तो. तुला कुणी फसवू नये म्हणून.” ते मनापासून म्हणाले. आबा माणूस म्हणून वाईट नाहीत, महेशभाऊही नाहीत. वाईट असते तर मला सोपं गेलं असतं.

दुसरी गोष्ट आबांच्या हौसेची. टूरच्या सगळ्या वस्तूंवर आमच्या कंपनीचा जांभळा रंग आणि नाव हवं. त्याला दुकानात ‘स्किन’ म्हणतात. चिकटणारा पातळ कागद असतो, गरम हवेच्या पंख्याने तो वस्तूवर ताणून बसवतात. महेशभाऊंचा हात त्यात फार सफाईदार. कडेला सुरकुती दिसायची नाही. आमच्या पॉवर बँका, ॲडॉप्टर, काटे, सगळं जांभळं. विमानतळावर वस्तू हरवत नाहीत हेही खरं.

देवक्का ऑफिसात आल्या तेव्हा उत्तर सिक्कीमची टूर भरत आली होती. त्या शाळेचे गणवेश शिवायच्या. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरातल्या, नवरा यंत्रमागावर होता, तो जाऊन बरीच वर्षं झालेली. मला पहिल्याच दिवशी त्यांनी ‘अम्मायी’ म्हणायला सुरुवात केली. तेलुगूत मुलीला म्हणतात तसं.

“अम्मायी, मला बर्फ बघायचाय. गोळेवाल्याचा नव्हं. वरून पडलेला.”

“उन्हाळ्यात पडताना नाही दिसणार, अक्का. जमिनीवर असेल पण.”

“जमिनीवरचा चालतोय की. मी काय छत्री घेऊन चाललेय?”

सोलापूरच्या उन्हात पत्र्याच्या खोलीत मशीनवर बसून त्यांनी आयुष्य काढलं होतं. बर्फाचं एवढं का, असं मी विचारलं नाही. त्यांनी आपण होऊन सांगितलं. सुनेला म्हणाल्या होत्या, मरायच्या आधी एकदा थंडी वाजली पाहिजे.

अडचण एकच होती. देवक्कांचा झोपेत श्वास थांबायचा. एकदा पहाटे सुनेने हलवून हलवून जागं केलं होतं. तेव्हापासून त्या नाकावर मास्क लावून झोपत. उशाशी एक छोटं यंत्र असतं, ते हवा ढकलत राहतं. डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं, पण मला समोर बसवून सांगितलं, “एकही रात्र यंत्राशिवाय नाही. उंचावर तर मुळीच नाही.” आणि लाचुंग नावाच्या गावात आमच्या दोन रात्री होत्या. बर्फ तिथूनच जवळ. तिथे वीज कधीही जाते आणि सकाळपर्यंत येत नाही.

म्हणजे यंत्राला बॅटरी हवी. आणि बॅटरी विमानातून न्यायची तर तिच्यावर वॅट-अवरचा, म्हणजे तिच्यात किती वीज साठते त्याचा, आकडा छापलेला हवा. फोनच्या पॉवर बँकेवर मोठ्या अक्षरात वीस हजार, तीस हजार असे आकडे असतात, ते मिरवायचे. विमानवाले मागच्या बाजूला बारीक अक्षरात असतो तो आकडा बघतात. शंभराच्या आत असेल तर हातातल्या बॅगेत नेऊ देतात. आकडाच नसेल तर बॅटरीत काय आहे ते त्यांना कळायला मार्ग नाही, आणि ते घेत नाहीत. त्यात त्यांची चूक नाही.

देवक्का, मी आणि इरण्णा दुकानात गेलो. बॅटरी पुण्याहून मागवावी लागणार होती. मी महेशभाऊंना मॉडेल सांगितलं. ते इरण्णाला म्हणाले, “आईचं मशीन हाय का?” इरण्णा म्हणाला, “न्हाई न्हाई, मी डायवर.” तरी ते त्यालाच समजावत राहिले, की यापेक्षा साधा इन्व्हर्टर बरा पडेल, आणि इरण्णा सवयीने मान हलवत राहिला. शेवटी देवक्का बोलल्या.

“ए बाबा, नाक माझं हाय. माझ्याशी बोल की.”

सगळे हसले. महेशभाऊही हसले. आणि तेवढ्यापुरतं ते खरंच देवक्कांशी बोलले. त्या हसण्यात मला धीर आला आणि मी म्हटलं, “महेशभाऊ, या बॅटरीला स्किन लावू नका. आणि लावलीच तर मागची बाजू सोडा.”

“मागून उघडं ठेवलं तर काम अर्धवट दिसतंय, म्यॅडम.”

“दिसू दे. मागे आकडा आहे. तो विमानतळावर बघतात.”

“बरं.” ते फोन उचलत म्हणाले. मी दुसऱ्यांदा सांगितलं, मागची बाजू सोडा. त्यांनी तर्जनी वर केली, थांबा म्हणून, आणि फोनमध्ये म्हणाले, “आबा, म्यॅडम स्किन नको म्हणत्यात ह्या नव्या पीसला.” पलीकडून आबांचा आवाज मला ऐकू आला. ते कुठल्यातरी लग्नात होते, मागे बँड वाजत होता. “लाव की सगळ्याला. एकसारखं दिसू दे.”

मी ऑफिसात येऊन आबांना पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, “सांगतो त्याला.” सांगितलं की नाही ते मी विचारलं नाही. त्यांना पुन्हापुन्हा विचारलेलं आवडत नाही.

बॅटरी पुण्याहून आली ती निघायच्या आदल्या दिवशी. इरण्णाने रात्री दुकान बंद होताना खोकं उचलून थेट गाडीत ठेवलं. पहाटे आमची बस हैदराबादच्या रस्त्याला लागली, दुपारचं विमान होतं. उमरग्याच्या पुढे नाश्त्याला थांबलो तेव्हा मी खोकं उघडलं.

बॅटरी सगळीकडून जांभळी होती. खरं सांगायचं तर फार सुंदर काम होतं. कडा अशा मुडपल्या होत्या की सुरुवात कुठे आणि शेवट कुठे कळू नये. मागच्या बाजूला, बरोबर आकड्याच्या जागी, आमच्या कंपनीचं नाव होतं.

देवक्कांनी केसांतली पिन काढून दिली. मी कडेने स्किन उचकटू लागले. गरम करून ताणलेला गोंद होता. स्किन निघाली ती खालची छापील अक्षरं घेऊन निघाली. बॅटरीच्या पाठीवर एक पांढुरका डाग आणि ‘मेड’ एवढंच राहिलं. आकडे स्किनच्या आतल्या बाजूला उलटे उमटले होते. मी ती पट्टी जपून वहीत ठेवली. कुणाला दाखवणार होते कोण जाणे.

महेशभाऊंना फोन केला. “अहो म्यॅडम, आबांनीच सांगितलं होतं की. तुमच्या पुढ्यातच.” हैदराबादच्या दोन वैद्यकीय दुकानांना फोन केले. दोघांकडे ही बॅटरी मागवावी लागत होती. उरलेल्या रस्त्यात देवक्का खिडकीतून बाहेर बघत होत्या आणि मधूनच मला सांगत होत्या, “होतंय अम्मायी. सरकारी माणसं बी माणसंच असतात.”

विमान कंपनीला मी आधीच यंत्राबद्दल मेल लिहून ठेवला होता, त्यामुळे काउंटरवरच्या मुलीने लगेच बॅटरी दाखवायला सांगितली. माझ्याच वयाची असेल. तिने ती उलटसुलट केली, दिव्याखाली धरली. मी बिल दाखवलं, खोकं दाखवलं, ती पट्टीसुद्धा दाखवली. ती म्हणाली, “मॅम, बॅटरीवरच हवं.” तिला वाईट वाटत होतं. तिने वरच्या साहेबांना बोलावलं. साहेब आले आणि आमच्या घोळक्यातले निवृत्त बँक मॅनेजर कुलकर्णीकाका होते त्यांच्याशी हिंदीत बोलू लागले. “सर, आपका ग्रुप है?” काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढचं वाक्यही काकांनाच ऐकवलं. बॅटरी जाणार नाही. प्रवासी जाऊ शकतो.

पुढचं आधी सांगून टाकते. आम्ही बर्फ पाहिला. सगळ्यांनी फोटो काढले. कुलकर्णीकाकूंनी बर्फात उभं राहून देवक्कांना व्हिडिओ कॉल लावला, तो त्यांनी उचलला नाही. लाचुंगला आमच्या दोन्ही रात्री वीज गेली नाही. मी दोन्ही रात्री जागीच होते, दिव्याकडे बघत. तो एकदा मिचकावलासुद्धा नाही.

परतल्यावर इरण्णा मला म्हणाला, त्या दिवशी हैदराबादहून घरी नेताना अक्का अख्ख्या रस्त्यात बोलल्या नाहीत. फक्त नळदुर्गला चहाला थांबवलं तेव्हा विचारलं, “तुला बॅटरीतलं काय कळतंय का रे?” तो म्हणाला, “न्हाई ओ अक्का.” “मग दुकानात मान कशाला हलवत होतास?” हे सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

त्या पावसाळ्यात देवक्कांना हृदयाचा त्रास सुरू झाला आणि डॉक्टरांनी डोंगराचा विषयच बंद केला. आबांनी त्यांचे सगळे पैसे परत केले, वर घरी जाऊन साडी दिली. त्यांना खरंच लागलं होतं. मला म्हणाले, “तुझी चूक नाही. आता खरेदीला ओंकार जाईल, तुला तो ताप नको.” म्हणजे मी ऑफिसात बसून मॉडेल, आकडा, पिना, सगळं लिहून ओंकारला पाठवते. तो दुकानात जाऊन ते वाचून दाखवतो. त्याला पाहिजे ते मिळतं. आमचं सामान आता बिनचूक येतं. मागच्या बाजू उघड्या असतात.

मी देवक्कांकडे एकदाच गेले. त्या मशीनवर होत्या, गणवेशाच्या निळ्या पिनोफ्रॉकांचा ढीग शेजारी. चहा दिला. निघताना “पुन्हा ये” म्हणाल्या, पण अम्मायी म्हणाल्या नाहीत. किंवा म्हणाल्या असतील आणि मशीनच्या आवाजात मला ऐकू आलं नसेल. मला वाटतं, म्हणाल्या नाहीत.

त्या दिवशी विमानतळावर साहेब निघून गेल्यावर आमचा घोळका ट्रॉल्यांजवळ उभा होता. देवक्का आपल्या बॅगेवर बसल्या होत्या. नवा स्वेटर त्यांनी हातात धरला होता, बॅगेत मावला नव्हता म्हणून. मी आबांना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला, कारण सगळे ऐकायला जवळ आले होते.

“ने की तिला,” आबा म्हणाले. “दोन रात्रींचं काय होतंय? लाइट जातेच कशावरून? म्हातारीनं इतकी हौस केलीय.”

सगळ्यांचे चेहरे सैल झाले. एकदम सगळे बोलू लागले. एक काकू म्हणाल्या, उशा लावून उंच झोपवू. कुलकर्णीकाका म्हणाले, “आम्ही आळीपाळीनं जागू, दोन-दोन तास. त्यात काय!” आणि ते जागले असते, मला खात्री आहे.

मी म्हटलं, डॉक्टरांनी एकही रात्र नको म्हटलंय. ते कुणाला ऐकू गेलं नाही. मी म्हटलं, अक्का गंगटोकलाच थांबतील का, पण तिथे त्यांच्यासोबत कोण थांबणार, मला तर तुमच्याबरोबर पुढे जायचंय. तेही ऐकू गेलं नाही. आबा फोनवर म्हणत होते, “जरा इरण्णाला दे बघू फोन, त्याला सांगतो सगळं.” इरण्णा बाहेर पार्किंगमध्ये होता.

देवक्का उठल्या. माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि माझा हात धरला. शिवून शिवून बोटांची टोकं कडक झालेली.

“मी खुर्चीत बसून झोपते. बसून काय होत नाही मला. लिहून देते सही करून. नेतेस न्हवं अम्मायी?”

सगळे थांबले. फोनमध्ये आबाही थांबले. पहिल्यांदाच सगळे मी काय म्हणते ते ऐकत होते. काउंटरवरची ती मुलगीसुद्धा मान वर करून बघत होती. मी फोन बंद केला आणि म्हणाले. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. शेजारच्या रांगेतली माणसं वळून बघू लागली.

“नाही अक्का. मी तुम्हाला नेणार नाही.”